वेषांतरातले साहेब

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेट्यात वसंत हिरवा येत नाही, पिवळा येतो. एका सकाळी दार उघडावं तर पायऱ्या, टपालपेटी, मुलाची, समीरची काळी गाडी, कुंपणावर बसलेलं कुणाचं तरी मांजर, सगळ्यांवर पिवळी पूड. पाइनच्या झाडांचे पराग. इथली मंडळी त्याला 'पोलन' म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. मी नवीन आले होते त्या वर्षी मला वाटलं, शेजारी कुणी जेजुरीकडचे राहायला आले असावेत. भंडारा समजून मी ती पूड बोटावर घेतली, भक्तिभावाने कपाळाला लावली, मनातल्या मनात येळकोटही केला. मग संध्याकाळपर्यंत शिंकत बसले. सून म्हणाली, "आई, अहो ते झाडाचं आहे." देव पावला नाही, नाक मात्र वाहिलं. त्या वेळची मी अशीच होते. वय आजीचं, अक्कल कॉलेजातली, आणि तोरा तर विचारूच नका.

यंदाही ते आलं. आणि यंदा मागच्या डेकवर, म्हणजे परसातल्या लाकडी ओट्यावर, त्या पिवळ्या पुडीत, मला पावलं दिसली. त्या पावलांचं सांगते, पण आधी शलाकाचा फोन.

शलाका आमच्या समोरच्या घरात राहते. मूळची नागपूरची, नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरवर, दोन मुलं. म्हणाली, "काकू, दोघं पोट्टे पोलनपायी घरातच आहेत, डोकं खाऊन राहिले. तुम्ही तो शो पाहिला होता ना? मोठा साहेब खोटी मिशी लावून आपल्याच कंपनीत काम करायला जातो, तो? पोरांना दाखवू का? सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखा आहे का?"

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

"काकू, शो पाहायचा आहे. लग्न नाही जमवायचं."

ती हसली, मीही हसले, फोन ठेवला. आणि खिडकीशी तशीच उभी राहिले. हाच प्रश्न, हाच मोसम, हीच बंद खिडकी. कानात कुणीतरी पुन्हा तेच वाक्य म्हटल्यासारखं झालं.

त्या वसंतात हा प्रश्न सुनेने, केतकीने विचारला होता. माझी नात इरा तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. शाळेला वसंताची सुट्टी, नाक चोंदलेलं, डोळे लाल. आमच्या ह्यांनाही खोकला. डॉक्टरांनी सांगितलेलं, खिडक्या उघडू नका. त्यामुळे घराला एक कोंडलेला वास होता; सकाळची फोडणी, निलगिरीचं तेल, गालिच्याची लोकर, आणि ह्यांच्या स्वेटरला येणारा डांबरगोळ्यांचा. काचेतून येणारं ऊनसुद्धा पिवळट. सगळं घर जुन्या फोटोत बसल्यासारखं दिसायचं. कदाचित म्हणूनच तो मोसम मला आठवतो तो घडल्यासारखा नाही, कुणी काढून ठेवल्यासारखा.

केतकीच्या वरच्या खोलीत मीटिंगांमागून मीटिंगा. ती जिन्यावरूनच म्हणाली, "आई, इराला तो शो बघायचाय. तुम्ही आधी एक भाग बघा आणि सांगा, तिला चालेल का."

झालं. मी सेन्सॉर बोर्ड झाले. चष्मा पुसला, वाटीत भाजके शेंगदाणे घेतले आणि टीव्हीसमोर अशी बसले की जणू माझ्या सहीशिवाय अमेरिकेत काही प्रदर्शित होत नाही.

कार्यक्रम साधा होता. कुठल्याशा खाणावळींच्या साखळीचा मालक. त्याला टोप घालतात, मिशी चिकटवतात, खोटं नाव देतात आणि त्याच्याच एका खाणावळीत भांडी घासायला धाडतात. त्याला काही जमत नाही. शेजारी काम करणारी बाई त्याला शिकवते, आणि शिकवता शिकवता आपलं दुःख सांगते. आई आजारी आहे, मुलाला सांभाळायला कुणी नाही. तो मान हलवतो. मग शेवटी तो सुटाबुटात खुर्चीवर बसतो, त्या बाईला बोलावतात, तो सांगतो, "मीच तो." ती तोंडावर हात धरते. तो तिला काहीतरी भरघोस देतो. दोघंही रडतात. पडदा.

माझं लक्ष सगळा वेळ मिशीवर. डावीकडून सुटली होती. मला राहवेना. कारण मिशी हा माझा विषय आहे.

पिंपरीला कंपनीच्या कॉलनीत राहत होतो तेव्हा गणपतीत आम्हा बायकांचं नाटक असायचं. सगळ्या भूमिका बायकांच्याच. मी उंच, आवाज घोगरा, म्हणून पुरुषाची कामं माझ्या वाट्याला. इन्स्पेक्टर झाले, सावकार झाले, एका वर्षी यम झाले. स्पिरिट गमने चिकटवलेली मिशी, वर पेट्रोमॅक्ससारखे तापलेले दिवे, ओठावर घाम. एकदा कोर्टाच्या प्रसंगात मिशी घसरून तोंडात गेली. मी ती चावत चावत आरोपीविरुद्ध साक्ष दिली. लोकांना वाटलं, काय क्रूर अभिनय! दूधवाला दुसऱ्या दिवशी 'इन्स्पेक्टरबाई' म्हणाला, तर पुढे कितीतरी दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आरशात बघून भुवई उडवायची सवय लागली होती मला. त्या बाईला आज रस्त्यात भेटले असते तर मी वाट बदलली असती.

पाठांतर मात्र शून्य. तालमीला जायचं ते चहा-भज्यांसाठी. आणि तरी मी कधी अडखळले नाही, कारण विंगेत हे बसायचे. दिवसभर कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर, संध्याकाळी बायकांच्या नाटकाचे प्रॉम्प्टर. हातात बारीक टॉर्च, मांडीवर नाटकाची वही. त्यांचे नियम होते. पहिलं अक्षर द्यायचं, वाक्य द्यायचं नाही. वाक्य दिलं की नटाचा पोपट होतो. आवाज नटापर्यंत जावा, पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये. आणि सगळ्यात मोठा नियम: नट थांबला म्हणजे विसरलाच असं नाही, आधी त्याचे डोळे बघायचे. अंधारातून ते माझे डोळे बघत असायचे. मी टाळ्या घेत असे आणि घरी येऊन वर म्हणत असे, "अहो, तिसऱ्या अंकात तुम्ही जरा उशीर केलात."

तर, माझा निकाल. केतकी चहाला खाली आली तेव्हा मी जाहीर केलं, "शिव्या आल्या की टूं वाजतं. मारामारी नाही. चावटपणा नाही. फक्त रडतात फार."

"रडणं चालतं," केतकी म्हणाली.

"मिशी फार वाईट लावलीय."

"आई, तेही चालतं."

मग इरा, मी आणि हे, तिघंही रोज दुपारी ते बघू लागलो. इरा मध्ये, आम्ही दोन्ही बाजूंना, एकच गोधडी.

ह्यांच्या आठवणीतली नावं तेव्हा गळायला लागली होती. आजाराला नाव होतं, डॉक्टरांनी ते सांगितलं होतं, पण आमच्या घरात ते कुणी उच्चारत नसे. जसं संध्याकाळी सापाचं नाव घेत नाहीत तसं. कुणी भेटायला आलं की मी मागून ह्यांच्या कानाशी लागायची. "सु..." म्हटलं की हे "या, सुधीरराव!" म्हणायचे. छान जमायचं. आयुष्यभर मी उसन्या शब्दांवर टाळ्या घेतल्या, आता फेडीची पाळी माझी होती. मला वाटे, कुणाच्या लक्षात येत नाही.

एकीच्या लक्षात आलं होतं. एका दुपारी भाग संपला, हे खुर्चीतच पेंगले, आणि इरा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, आय नो."

"काय नो?"

"आजोबा इज अंडरकव्हर."

"काय गं बोलतेस?"

"ते विसरल्यासारखं करतात. बॉस पण असंच करतो ना? ही प्रिटेंड्स ही डझन्ट नो एनिथिंग. आणि तू त्यांना कानात सांगतेस. यू आर द प्रोड्यूसर."

शहाणी बाई असती तर पोरीला जवळ घेऊन काहीतरी नीट समजावलं असतं. मी काय केलं? डोळा मारला. जुनी खोड. इन्स्पेक्टरने हवालदाराला मारावा तसा. आणि इराने तोंडावर हात ठेवला, टीव्हीतल्या बाईसारखा.

त्यानंतर त्या पोरीने आजोबांची जी बडदास्त ठेवली! त्यांच्या बुटांचे पट्टे लावून दे, आपल्या वाटचा आमरस त्यांच्या वाटीत घाल, त्यांना तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणून दाखव. आणि आपली दुःखंही सांग, कारण तसं करायचं असतं. तिची जिवलग मैत्रीण दुसऱ्या राज्यात राहायला जाणार होती, ते तिने आईबापांना सांगितलं नव्हतं, पण आजोबांना सांगितलं. ते मान हलवायचे. अगदी त्या कार्यक्रमातल्यासारखी. अधूनमधून इरा छताच्या कोपऱ्याकडे बघून केस नीट करायची. कॅमेरा तिथे असणार, असा तिचा अंदाज होता.

तिला बक्षीस नको होतं. मी विचारलं होतं, "शेवटी साहेबांनी तुला काय द्यावं असं वाटतं?" तिला वेडगळ प्रश्न वाटला. "ते माझं नाव म्हणतील," ती म्हणाली. "ओन्ली दॅट." कारण एव्हाना तिचं नावही गळलं होतं. हे तिला 'बाळ' म्हणायचे, कधी 'अहो ताई'.

एका दुपारी हे खुर्चीत नव्हते. मागचं दार उघडं. केतकी वरून धावत आली, समीरला ऑफिसात फोन, मी खोल्या धुंडाळतेय. इरा मात्र डेकवर गुडघे टेकून बसली होती. "ट्रॅक्स!" ती ओरडली. पिवळ्या पुडीत ह्यांच्या सपातांची पावलं उमटली होती. उजवं पाऊल स्वच्छ, डावी टाच ओढल्यासारखी. पायऱ्या उतरून, गाडीच्या वाटेवरून, कोपऱ्यापर्यंत. आम्ही त्या पावलांमागे चालत गेलो. कोपऱ्यावर पानं उडवायची यंत्रं पाठीला लावून काही माणसं काम करत होती, हवेत पिवळे ढग. त्यात हे, हात मागे बांधून, कारखान्यात फेरी मारायचे तसे उभे. मराठीत विचारत होते, "जेवलात का? शिफ्ट कधी सुटते?" ती माणसं स्पॅनिशमध्ये काहीतरी उत्तर देत होती, हे समाधानाने "बरं, बरं" म्हणत होते. त्यांच्यातल्या एकाने ह्यांच्या हातात एक संत्रं दिलं होतं.

"सी?" इरा मला म्हणाली. "ही इज टॉकिंग टू द वर्कर्स."

 

आणखी एक दुपार आहे. ती मी कुणाला दाखवत नाही, पण तीच सारखी समोर येऊन उभी राहते. इरा झोपलेली. हे काचेच्या दारापाशी. मी चहा नेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार आदराने, आणि म्हणाले, "आपण कुठल्या खात्यात?"

मी कप खाली ठेवला. पण जीभ कुठे गप्प बसते! "कँटीनमध्ये, साहेब," मी म्हटलं.

"बसा. काही अडचण?"

माणूस कारखान्यात रोज शंभर जणांना हे विचारायचा, आणि घरी आला की पेपर उघडायचा. आमच्या सगळ्या संसारात मला हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. मीही विचारायची वाट पाहिली नव्हती, स्वतःच सांगत सुटायचे. आता विचारला तो कँटीनच्या बाईला. मी समोर बसले आणि खरं ते सांगितलं. "घरी नवऱ्याची तब्येत बरी नसते. कधी कधी मला ओळखत नाहीत."

त्यांनी विचार केला. "आधी ओळखायचे?"

"हो. अंधारातसुद्धा."

"मग घाई करू नका. माणूस थांबला म्हणजे विसरलाच असं नाही." आणि मग, जरा पुढे झुकून, "रजा हवी असेल तर सांगा. संकोच नको."

"नको, साहेब," मी म्हटलं. कप उचलला, स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला. नळाचा आवाज मोठा असतो, आमच्या घरातला तो मोठाच गुण.

सुट्टी संपत आली. रविवारी पाऊस सांगितला होता, म्हणजे पोलन धुऊन जाणार. इराने सकाळीच घोषणा केली, "टुडे इज द रिव्हील."

समीरचा घास हातातच राहिला. "आई, हे काय आहे?"

इराने त्याला सगळं समजावलं: आज आजोबा खुर्चीत बसून 'मीच तो' म्हणणार. केतकी माझ्याकडे बघू लागली. "आई, तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"काहीच नाही."

"तेच तर!"

समीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "थांबव हे. बाबा नाही ओळखणार, आणि ती कोसळेल. लहान आहे गं ती." त्याचा आवाज चिरकला. मला कळलं, लहान तोही होता. त्याचंही नाव त्या महिन्यात ह्यांनी घेतलं नव्हतं.

पण इराने खुर्च्या मांडल्या होत्या. ह्यांच्या स्वेटरवर टाय बांधला होता, गाठ हनुवटीखाली मुठीएवढी. हे टाय बांधल्यामुळे ताठ बसले होते. मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, माझ्या नेहमीच्या जागी. मनाशी ठरवलं, मी देणार अक्षर. एकच अक्षर. नियमात बसतं. पोरीला तिचं नाव मिळेल, आणि त्यात खोटं तरी काय? इन्स्पेक्टरबाईंच्या टाळ्याही अशाच खऱ्या होत्या.

इरा दारातून आत आली. चांगला फ्रॉक घातला होता. समोरच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर. हे तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे. बाहेर आभाळ भरून आलेलं, खोलीत तो जुन्या फोटोतला उजेड. केतकीने समीरचा हात धरला होता.

मी वाकले. "इ..."

हे वळले. माझ्याकडे नव्हे, माझ्या दिशेला, अंधाराकडे वळावं तसे. आणि कपाळाला आठी घालून, दबक्या, कसलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, आवाज बाहेर जातोय."

 इतक्या वर्षांत तो स्वर मी विसरले होते, ते नव्हते विसरले. मग ते पुन्हा इराकडे वळले. तिच्या डोळ्यांत त्यांनी काय पाहिलं कुणास ठाऊक, पण चेहरा एकदम मऊ झाला. पुढे होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. "नवीन आहेस? घाबरू नकोस. विसरलीस तर मी आहे विंगेत."

संपलं. त्यापुढे काही नाही. नाव नाही.

"व्हॉट डिड ही से?" इराने मला विचारलं. 'विंग' हा शब्द तिला कुठून कळणार? मी सांगितलं: आजोबा म्हणतात, तू स्टेजवर जा, काही आठवलं नाही तर ते बाजूला उभे आहेत, तुला दिसणार नाहीत, पण तिथेच असतील.

इरा रडली नाही. "सो ही इज स्टेइंग अंडरकव्हर."

"हो," मी म्हटलं.

"ओके." आणि तिने त्यांच्या टायची गाठ सैल केली. समीर उठून गॅरेजमध्ये गेला. तिथे त्याला काही काम नव्हतं.

संध्याकाळी पाऊस आला. पिवळे ओघळ पायऱ्यांवरून, गाडीच्या काचेवरून, गटाराच्या जाळीत. ह्यांची कोपऱ्यापर्यंतची पावलंही गेली. पुढचं पिवळं ह्यांनी पाहिलं नाही. ऐन थंडीतच गेले. झाडं सगळी काळी होती.

त्या दिवशी, इथल्या पद्धतीप्रमाणे, त्यांना सूट घालून ठेवलं होतं. टाय नीट बांधलेला. लोक येत होते, हळू बोलत होते, मला 'काकू, काकू' करत होते. इरा माझा हात धरून उभी होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टायकडे, मग खोलीच्या कोपऱ्यात, छताकडे. मग माझा हात ओढला. मी वाकले. ती माझ्या कानात म्हणाली, "आजी, नाऊ?"

तो एक शब्द ह्या घरात राहतो. भिंतीत, जिन्यात, गोधडीत. मी कपाट उघडते, तर आतून विचारतो.

शलाकाला मी काय सांगू? कार्यक्रमात शिव्या ऐकू येत नाहीत. वंगाळ काही नाही. एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती, की मालकाला आपल्याच कारखान्यात जायला मिशी लागते, आणि बाईला आपलं दुःख सांगायला समोर अनोळखी माणूस लागतो. पण हे मुलांना कळतं, मुलं ते रोज पाहतात. मुलांना चालणार नाही असा भाग एकच आहे, शेवटचा. खुर्चीत बसून "मीच तो" म्हणण्याचा. टीव्ही शपथेवर सांगतो की टोप निघतोच, खाली तोच माणूस असतोच, आणि तू केलंस ते सगळं त्याने पाहिलेलं असतंच. कुठल्याही परीक्षकाने त्यावर आवाज घातलेला नाही. शिवीवर टूं वाजतं, ह्यावर वाजत नाही.

आता ती पावलं. यंदा सकाळी मागचं दार उघडलं, तर डेकवर, ताज्या पुडीत, सपातांची पावलं. उजवं स्वच्छ. डावी टाच ओढल्यासारखी. कठड्यापर्यंत गेलेली, तिथे थांबलेली. माझ्या अंगावर काटा आला आणि, खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. मी हाक मारली, "अहो." इतकी वर्षं झाली, पण हाक तशीच निघाली, चहा झालाय सांगायची. मग जवळ गेले. कठड्यावर माझा कप होता. चहा गार, वर पिवळी साय. मी माझं पाऊल त्या पावलावर ठेवलं. बसलं. पायातली सपात उचलून पाहिली, तर तळवा पिवळा.

मी कधी आले होते, कधी उभी राहिले, मला आठवत नाही. भूत असतं तर बरं झालं असतं.

घरात कुणाला बोलले नाही. कप धुऊन ठेवला, नळ मोठा सोडून.

इरा आता दूर उत्तरेला, ॲन आर्बरला शिकते. तिथे अजून बर्फ. रविवारी व्हिडिओ कॉल करते, मागे तिची सायकल भिंतीला टेकलेली, पलीकडे पांढरी खिडकी. मराठी तोडकं, पण माझ्याशी हट्टाने बोलते. मी तिला शलाकाची गंमत सांगत होते. म्हटलं, "अगं, तिला वाटतं, त्यात काय बघायचं? साहेब येतो, ओठावर ते लावतो आणि... ते गं... काळं... चिकटवतो ते..."

शब्द गेला. ज्या बाईने तो आयुष्यभर ओठावर मिरवला, घाम गाळला, चावला, गिळला, तिचा तो शब्द गेला. तोंड उघडं, हात ओठापाशी. समोर पडद्यावर इरा.

ती हसली नाही. "काय गं आजी" म्हणाली नाही. शब्द पुढे केला नाही. स्क्रीनजवळ आली आणि आधी माझे डोळे बघितले. बघत राहिली. आणि मग, अगदी दबक्या आवाजात, "मि..."

"मिशी!" मी म्हटलं. टाळी वाजवली. हसले सुद्धा. तिला हे कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. तेव्हा ती आठ वर्षांची असेल-नसेल, गोधडीत बसून शेंगदाणे खात होती.

तिचे डोळे भरले होते, ते मला दिसू नयेत म्हणून ती सायकलकडे बघत होती. माझ्या लक्षात आलं, ह्या पोरीला सगळं कळलेलं आहे. आजचं नाही, बऱ्याच रविवारांचं. आता गप्प राहून चालणार नव्हतं. प्रसंग पडला तर तो मीच उचलायचा, ही जुनी रीत.

मी कपाळाला आठी घातली. "बाई, आवाज बाहेर जातोय."

ती थबकली. मग नाक ओढत हसली. "सॉरी," ती म्हणाली, आणि आवाज आणखी खाली आणून, "आता?"

"आता बरोबर," मी म्हटलं.

मग मी तिला डेकवरच्या पावलांचंही सांगितलं. तिच्याकडे बर्फ, माझ्याकडे पिवळं. ठरलं ते एवढंच, की समीर आणि केतकीला मी स्वतः सांगायचं, पावलांचंसुद्धा, पाऊस यायच्या आधी, म्हणजे ते येऊन बघू शकतील.

फोन ठेवल्यावर मी शलाकाला मेसेज लिहायला बसले. एकेक अक्षर शोधत. खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवला तो असा:

"दाखव पोरांना. छान आहे. तूही बस त्यांच्यात. फक्त शेवट आला की टीव्ही बंद कर. विचारतील, साहेबांनी मिशी काढली का? सांग, अजून नाही. साहेब अजून कामावर आहेत."